स्वयंपाकघराच्या दारातील कुंड्या व त्यांवरील किडींचा बंदोबस्त

कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, तुळस, पानओवा, गवती चहा आणि दोन-चार मिरचीची झाडे घराजवळ कुंडीत लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यासाठी विकतची कुंडीच हवी असे नाही. फुटका माठ, तेलाचा रिकामा डबा किंवा गळके घमेलेही चालते. भांडी विसळलेले पाणी, मूठभर शेणखत व सकाळचे ऊन एवढ्यावर ही झाडे घराला वर्षभर पुरतात. बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता हात लांबवून पाने खुडता यावीत, ही सोय लहान असली तरी गृहिणीच्या दृष्टीने मोलाची आहे.

या कुंड्यांवर कीड पडली म्हणजे मात्र घरातील माणसे गोंधळून जातात. शेतात कपाशीवर किंवा तुरीवर कीड पडली तर काय करावे, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. कुंडीतील झाडांविषयी मात्र त्यास कोणी काही सांगितलेले नसते. मग एकतर झाड उपटून फेकले जाते, किंवा शेतातील औषधाची बाटली परसात आणली जाते. पहिल्या मार्गात एका झाडाचे नुकसान होते. दुसऱ्यात घरातील माणसांच्या जिवाला धोका असतो. वस्तुतः या दोहोंचीही गरज नाही. कुंडीतील झाड लहान असते, हाताशी असते व दिवसातून चार वेळा नजरेखालून जाते. त्यामुळे नजर, बोटे, पाणी व साबण यांच्या साह्याने त्यावरील बहुतेक किडींचा बंदोबस्त घरच्या घरी होऊ शकतो. तो कसा करावा, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

शेतातील औषध परसात का नको?

फवारणी आटोपल्यावर पंपाच्या तळाशी थोडे औषध उरते. ते वाया जाऊ नये म्हणून परसातील मिरचीवर किंवा कोथिंबिरीवर मारून टाकावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह कटाक्षाने टाळावा. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, शेतातील पिकाची काढणी ठराविक वेळी होते, तर कुंडीतील पाने रोज खुडली जातात. कीटकनाशकाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकासाठी आहे, किती प्रमाणात वापरावे आणि फवारणीनंतर किती दिवस पीक काढू नये, हे छापलेले असते. कपाशीसाठी घेतलेल्या औषधाच्या वेष्टनावर कोथिंबीर किंवा पुदिना यांचा उल्लेख नसतो. म्हणजेच त्या पानांवर ते औषध किती दिवस राहते व ती पाने केव्हा खावीत, याचे कसलेही मार्गदर्शन आपल्यापाशी नसते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पुष्कळशी औषधे आंतरप्रवाही असतात. ती पानांतून किंवा मुळांतून झाडाच्या रसात शिरतात व शेंड्यापर्यंत पोहोचतात. रस शोषणारी कीड मरते ती याच कारणाने. परंतु जे विष पानाच्या आत गेले ते पान धुतल्याने निघत नाही. कोथिंबीर व पुदिना यांची चटणी तर कच्चीच वाटली जाते.

तिसरे कारण मापाचे आहे. एकरी प्रमाण ठरलेल्या औषधाचे दोन थेंब एका लिटरला जास्त झाले की त्याची तीव्रता बदलते. घरातील चमच्याने ते मोजू लागल्यास तोच चमचा पुन्हा स्वयंपाकात जाण्याचे भय असते.

हा बाऊ नव्हे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत अन्नपदार्थांना लागले व शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशकांविषयीचा कायदा आला. आपल्या राज्यात २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. मोनोक्रोटोफॉस हे औषध भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली आणि बी.एच.सी. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या गॅमेक्सीनचा वापर १९९७ साली बंद झाला. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. एके काळी जी पूड घरोघरी निर्धास्तपणे धुरळली जात असे, तीच पुढे अपायकारक ठरली. म्हणून तोंडात जाणाऱ्या पानाच्या बाबतीत सावधगिरी कधीच फाजील ठरत नाही.

शेतातील औषधे कुलपात, मुलांच्या हाताला न लागतील अशी ठेवावीत. त्यांची रिकामी बाटली किंवा डबा रोप लावण्यासाठी कदापि वापरू नये.

कुंडीतच कीड लवकर का वाढते?

कीड आली म्हणजे ती कोठून आली, असा प्रश्न लोक विचारतात. ती बहुधा तीन वाटांनी येते. नव्याने आणलेल्या रोपाबरोबर येते, न कुजलेल्या शेणखतातून येते, किंवा वाऱ्यावर उडत येते. तिसरी वाट आपणास अडविता येत नाही. पहिल्या दोन मात्र अडविता येतात. रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्याकडून आणलेले रोप आठ-दहा दिवस इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे आणि त्याच्या पानांची मागील बाजू पाहून मगच ते त्यांच्या रांगेत मांडावे. कच्चे शेण कुंडीत घालू नये, कारण त्यातून हुमणीसारख्या अळ्या येऊन मुळे कुरतडतात. चांगले कुजलेले, चाळलेले व वास नसलेले खतच वापरावे.

कीड आल्यावर ती वाढते कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. वाढीस लावावे म्हणून पुष्कळ जण कुंडीत चिमूटभर युरिया टाकतात. त्यायोगे पाने हिरवीगार व लुसलुशीत होतात, हे खरे. परंतु मावा व पांढरी माशी यांना असाच कोवळा रस हवा असतो. सावलीत दाटीने ठेवलेल्या कुंड्यांत वारा खेळत नाही व एका झाडावरील कीड दुसऱ्यावर सहज जाते. कुंडीच्या बुडाशी भोक नसेल तर मुळे कुजतात आणि अशक्त झाड किडीला बळी पडते. याउलट उन्हाच्या झळीत माती वारंवार कोरडी पडत असेल तर लाल कोळी बळावतो. म्हणून रोज पाच-सहा तास ऊन, बुडाशी भोक, कुंड्यांमध्ये वीतभर अंतर आणि सकाळी बोट खुपसून माती पाहूनच पाणी, एवढी पथ्ये पाळली तर निम्मा उपद्रव टळतो.

कोणत्या झाडावर कोणती कीड?

उपाय करण्यापूर्वी कीड ओळखणे अवश्य आहे. पान पिवळे पडले म्हणजे कीडच असेल, असे नाही. जास्त पाण्यानेही पान पिवळे पडते. यासाठी पान उलटून पाहावे. बहुतेक किडींचा बिऱ्हाडाचा मुक्काम पानाच्या मागे असतो.

कोथिंबीर : हिच्यावर मुख्यतः मावा पडतो. हिवाळ्यात आभाळ आले की तो विशेष जोर करतो. शेंड्यावर व देठांवर हिरवट किंवा काळपट बारीक किडे चिकटून बसलेले दिसतात. माव्याच्या माद्यांना नराची गरज लागत नाही. त्या अंडी न घालता थेट पिले देतात आणि अनुकूल हवेत हे पिलू आठ-दहा दिवसांत स्वतः माता बनते. आज दिसलेल्या दहा किड्यांचे पंधरवड्यात शेकडो होतात ते यामुळे. मावा आपल्या अंगातून गोड, चिकट द्रव टाकतो. त्यावर काळी बुरशी वाढते व पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. कोथिंबीर पेरणीपासून सुमारे चाळीस दिवसांत काढणीस येते. त्यामुळे तिच्यावर फार कीड झाली असता औषधोपचार करीत बसण्यापेक्षा ती कापून, निवडून, धुऊन वापरावी किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात पुरावी, आणि दुसऱ्या कुंडीत नवे धणे पेरावे. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरीत गेल्यास एकीवर कीड पडली तरी घर अडत नाही.

पुदिना : चैत्र-वैशाखात याच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके उमटू लागले व पान निस्तेज दिसू लागले, तर लाल कोळी आला असे समजावे. हा कीटक नसून आठ पायांचा, कोळ्यांच्या जातीचा अतिसूक्ष्म जीव आहे. पांढऱ्या कागदावर पान झटकले असता त्यावर हलणारे तांबूस कण दिसतात. उपद्रव वाढल्यावर पानामागे बारीक जाळीही दिसते. कोळ्याला कोरडी, धुळकट हवा मानवते व ओलावा मानवत नाही. म्हणून पानांच्या मागून पाण्याचा मारा करणे हा त्यावरील उत्तम उपाय होय. उपद्रव फार असल्यास पुदिना मातीपासून दोन बोटे उंचीवर सरसकट कापावा. कापलेली पाने व गळालेला पाला उचलून दूर टाकावा आणि पाणी द्यावे. पुदिना पुन्हा जोमाने फुटतो. पावसाळ्यात पुदिन्याची पाने गुंडाळून आत राहणारी एक हिरवी अळी आढळते. अशी पाने अळीसह खुडून टाकावीत.

कढीपत्ता : हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातील आहे आणि म्हणून त्या कुळातील किडी त्याच्यावर येतात. त्यांत दोन महत्त्वाच्या आहेत. पहिली लिंबावरील फुलपाखराची अळी. मादी कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे एकेक करून घालते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते आणि डिवचली असता डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तो पाहून मुले घाबरतात, पण ती डसत नाही व तिच्यात विषही नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत ती लहान रोपाचे सर्व पान फस्त करू शकते. उपाय एकच, वेचणे. दर दोन दिवसांनी कोवळी पालवी पाहिल्यास अंडी व लहान अळ्या बोटाने काढता येतात. मोठी अळी आढळल्यास तिला न मारता परसाबाहेरील रानटी झाडावर सोडावे, असे कोणास वाटल्यास तेही योग्यच आहे. २०१५ साली राज्याचे फुलपाखरू म्हणून मान मिळालेले नीलवंत हेही याच कुळातील झाडांवर वाढते.

दुसरी कीड सायला. हा उवेएवढा, तपकिरी किडा पानावर बूड उंच करून तिरपा बसतो. त्याची पिले कोवळ्या फुटीचा रस शोषतात व पांढरे मेणासारखे धागे सोडतात. पालवी वेडीवाकडी होऊन सुकते. सायला कढीपत्त्याला जेवढा त्रास देतो, त्याहून अधिक भय संत्रा-मोसंबीच्या बागांना आहे, कारण बागा खंगविणारा ग्रीनिंग हा रोग तोच एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली आढळला आणि त्या देशात सायल्याच्या भयाने कढीपत्त्याच्या रोपांच्या ने-आणीवरही निर्बंध आहेत. नागपूर, अमरावती किंवा जालना या भागांतील बागाईतदारांनी म्हणून घरच्या कढीपत्त्याकडे दुर्लक्ष करू नये. किडलेला शेंडा वीतभर खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. त्याने झाडाला फांद्या फुटतात व पाला वाढतो.

तुळस : तुळशीचे शेंडे वाकडे होऊन पाने तपकिरी पडू लागली, तर पाणी कमी पडले असे समजून लोक अधिक पाणी घालतात. पुष्कळदा त्याचे कारण जाळीदार पंखांचा एक बारीक ढेकूण असतो. तो जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा असून कळपाने शेंड्यावर व पानामागे बसतो. पानामागे काळे ठिपके दिसतात, ती त्याची विष्ठा होय. सकाळी गारव्यात हे किडे मंद असतात. त्या वेळी साबणाच्या पाण्याची वाटी खाली धरून शेंडे झटकावेत. मंजिऱ्या व वाळलेले शेंडे वेळच्या वेळी खुडावेत. तुळशीची पाने तीर्थात व काढ्यात जातात, म्हणून वृंदावनातील तुळशीसही औषध मारणे वर्ज्य समजावे.

मिरची : पाने वरच्या बाजूस होडीसारखी वळली तर फुलकिडे व खालच्या बाजूस वळून लांबट झाली तर कोळी, अशी ढोबळ खूण ध्यानात ठेवावी. दोन्ही स्थितींत आकसलेले शेंडे खुडून पानांच्या मागून साबणाचे पाणी मारावे. पांढऱ्या माशीने पसरविलेल्या विषाणूमुळे झाड अगदी खुरटले असेल तर ते सुधारत नाही. ते उपटून टाकावे.

पानओवा व गवती चहा : गवती चहास कीड सहसा लागत नाही. पानओव्याच्या पेरांत मात्र कापसाच्या बोळ्यासारखा पिठ्या ढेकूण दडतो. काडीला कापूस गुंडाळून, तो साबणाच्या पाण्यात भिजवून एकेक ढेकूण पुसून काढावा. अंगावरील मेणचट पिठामुळे नुसत्या पाण्याने तो निघत नाही.

कुंडीतील माती : कुंडी हलविली असता चिलटांसारख्या काळ्या माश्या उडू लागल्या, तर माती सतत ओली आहे, असे समजावे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात. पाणी कमी करून वरचा बोटभर थर कोरडा पडू दिला की त्या आपोआप नाहीशा होतात.

उपाययोजनेचा क्रम

सौम्य उपाय आधी व कडक उपाय नंतर, हा क्रम सोडू नये.

१. वेचणे व खुडणे. आठवड्यातून दोन वेळा, ठरलेल्या दिवशी, प्रत्येक कुंडीची पाच पाने उलटून पाहावीत. अंडी, अळ्या, किडलेला शेंडा दिसताच काढून साबणाच्या पाण्यात टाकावा. हे काम घरातील मुलांना आवडते व त्यांची नजरही तीक्ष्ण असते.

२. पाण्याचा मारा. माती सुटू नये म्हणून कुंडीच्या तोंडाशी फडके बांधावे, कुंडी आडवी धरावी आणि पानांच्या मागील बाजूवर जोराने पाणी मारावे. मावा, कोळी व पांढऱ्या माशीची पिले यांस हे पुरते. पडलेला मावा सहसा पुन्हा झाडावर चढू शकत नाही. एक दिवसाआड तीन वेळा असे करावे. हे काम सकाळी करावे, म्हणजे पाने दिवसा सुकतात.

३. साबणाचे पाणी. तेलापासून बनविलेल्या साध्या अंगाच्या साबणाचा कीस सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, १ लिटर कोमट पाण्यात विरघळवावा. कपड्यांची धुलाई पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. पाणी क्षारयुक्त असेल तर साबण फुटतो, त्यासाठी शक्य तर पावसाचे किंवा उकळून निवलेले पाणी घ्यावे. साबण मऊ अंगाच्या किड्यांचे मेणाचे आवरण मोडतो व त्यांना गुदमरवितो. परंतु तो अंगावर ओला पडला तरच काम करतो. वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पानामागे फवारणे हे मुख्य होय. प्रथम दोन-तीन पानांवर मारून एक दिवस वाट पाहावी. पान करपले नाही तर संध्याकाळी सर्व झाडावर मारावे व दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने झाड धुवावे. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा करावे, कारण अंडी व दडलेली पिले पहिल्या खेपेस वाचतात.

४. निंबोळी अर्क. वरील उपायांनी भागले नाही तरच याकडे वळावे. वाळलेल्या निंबोळीची भरड ५० ग्रॅम घेऊन पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून गाळून त्यात २ ग्रॅम साबणाचा कीस विरघळवावा आणि पाणी घालून १ लिटर करावे. हाच शेतकऱ्यांच्या परिचयाचा ५ टक्के अर्क होय. तो त्याच दिवशी संध्याकाळी संपवावा. निंबोळीतील द्रव्याने किडीची भूक मरते व तिला कात टाकता येत नाही. म्हणून परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून पुन्हा फवारू नये. फवारणीपूर्वी लागतील तेवढी पाने खुडून घ्यावीत व नंतर किमान आठ दिवस त्या झाडाची पाने वापरू नयेत. निंबोळी कडुलिंबाची असली तरी तिचे तेल लहान मुलांच्या पोटात जाणे घातक असते, हे विसरू नये.

५. मुंग्यांना अटकाव. माव्याच्या व पिठ्या ढेकणाच्या गोड द्रवासाठी मुंग्या त्यांचे राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्यांची रांग दिसली की वर कोठेतरी मावा किंवा ढेकूण आहे, हे ओळखावे. थाळीत पाणी घालून त्यात वीट व विटेवर कुंडी ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. मात्र थाळीतील पाणी आठवड्यातून दोन वेळा ओतून थाळी घासावी, नाहीतर तेथे डास होतात.

६. पिवळा फलक. पांढरी माशी व पंखांचा मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोपडावे व तो कुंड्यांच्या उंचीवर टांगावा. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावावे. कीड किती आहे, याचा अंदाजही त्यावरून येतो.

जुन्या शेतकी पुस्तिकांत तंबाखूचा काढा सांगितलेला असे. तो खाण्याच्या पानांवर वापरू नये. तंबाखूतील निकोटीन हे तीव्र विष असून ते माणसाच्या कातडीतूनही अंगात शिरते. घरगुती म्हटलेली प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही. रॉकेल शिंपडल्याने तर पाने करपतात व खाण्यालायकही राहत नाहीत.

मित्र ओळखावेत

माव्यावर ठिपक्यांचा तांबडा, वाटोळा ढालकिडा बसलेला दिसला तर त्यास मारू नये. त्याची अळी काळपट, काटेरी व लांबट असते. ती किडीसारखी दिसते म्हणून अजाणतेपणी चिरडली जाते. वस्तुतः ती आपल्या आयुष्यात शेकडो मावा खाते. फुलांवर तरंगणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशीची अळीही तेच काम करते. मावा फुगून, तपकिरी व कडक होऊन पानाला चिकटलेला दिसला, तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढत आहे, असे समजावे. असे पान खुडून टाकू नये.

या मित्रांचे सामर्थ्य किती असते, हे पपईच्या उदाहरणावरून कळते. २००८ साली कोइमतूर येथे पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण प्रथम आढळला आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याने बागा उजाड केल्या. औषधांनी तो हटला नाही. २०१० साली त्याच्या मूळ शत्रू असलेल्या सूक्ष्म गांधीलमाश्या पोर्तो रिको येथून आणून बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेने सोडल्या व ढेकूण आटोक्यात आला. कुंडीवर विष मारले म्हणजे प्रथम असे मित्रच मरतात व कीड दुप्पट जोमाने परतते. एखाद्या कुंडीतील कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर येऊ द्यावी. तिच्या बारीक फुलांतील मध या मित्रांना पोसतो.

वर्षाचे वेळापत्रक

वैशाखाच्या उन्हात जुन्या कुंड्या रिकाम्या करून माती पत्र्यावर पातळ पसरावी. आठ-दहा दिवस तापल्यावर ती चाळून, मुळे व अळ्या वेचून, नवे कुजलेले खत मिसळून पुन्हा भरावी. याच महिन्यांत पुदिन्यावरील कोळ्यावर लक्ष ठेवावे. मृगानंतर नवी पालवी फुटते. त्या वेळेपासून दिवाळीपर्यंत कढीपत्त्यावरील अळ्या पाहाव्यात व रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात. मार्गशीर्ष ते माघ हा माव्याचा काळ होय. त्या दिवसांत कोथिंबीर व मिरचीचे शेंडे रोज पाहावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

शेताच्या बांधावर जितके बोलणे होते तितके परसात होत नाही. परंतु औषधाची बाटली घरात कोठे ठेवली जाते व पंपातील उरलेले पाणी कोठे जाते, हे परसातच कळते. म्हणून कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत एखादी किडलेली कुंडी मध्ये ठेवून पान उलटून दाखवावे, साबणाचे पाणी सर्वांसमक्ष करून फवारावे आणि पाच दिवसांनी तीच कुंडी पुन्हा दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेला परिणाम दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटतो. त्याच वेळी कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगाच्या खुणेचा अर्थही सांगावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून कमी विषारी. हिरवी खूण असलेले औषधही अन्नाच्या पानासाठी निर्धोक ठरत नाही, हे आवर्जून बजवावे. औषध अंगावर सांडल्यास कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे आणि रुग्णास वेष्टनासह विनाविलंब दवाखान्यात न्यावे, हेही प्रत्येक घरी माहीत असले पाहिजे.

थोडक्यात लक्षात ठेवण्याजोगे

— आठवड्यातून दोन वेळा पाने उलटून पाहावीत.
— नवे रोप आठ-दहा दिवस वेगळे ठेवावे.
— प्रथम वेचणे, मग पाणी, मग साबण आणि शेवटी निंबोळी अर्क.
— कोथिंबीर फार किडल्यास कापून नवी पेरावी व पुदिना छाटावा.
— मुंग्यांची रांग दिसताच मावा शोधावा.
— ढालकिडा व त्याची अळी यांस मारू नये.
— वापरण्यापूर्वी पाने दोन-तीन पाण्यांतून धुवावीत.
— शेतातील औषध व पंपात उरलेले पाणी परसातील कुंडीवर कधीही वापरू नये.

चार पाने किडीने खाल्ली तर झाड ती आठ दिवसांत पुन्हा फुटवून देते. ज्या कुंडीतील पान मुलांच्या ताटात जाते, तिच्यावर पडणारी प्रत्येक वस्तू आपण स्वतः तोंडात घालू शकू अशी असावी, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.